बर्फावरची विसरलेली हॉकी

इथे नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की गवतावरचीच. १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये ध्यानचंदच्या संघाने यांना ३-० हरवलं ती. आइस हॉकीबद्दल ऑफिसात विचारा, खांदे उडवतात! हेरेनफेनचा संघ मात्र १९७७ ते १९८३ ओळीने सात वेळा डच विजेता होता.

कालव्यावरचं स्केटिंग सरळ, लांब ढांगांचं. हॉकीच्या सरावात गचकन थांबणं, उलटं पळणं, दोन्हीकडे वळणं घोटावं लागतं. ते अंगात मुरलेली, कॅनडात वाढलेली डच स्थलांतरितांची मुलं राष्ट्रीय संघात बरीच होती. (आपली पोरं आठवलीच.) १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये त्यांनी सोव्हिएत संघाकडून १७-४ मार खाल्ला, पण पोलंडला ५-३ हरवलं. पुन्हा ऑलिंपिक नाहीच. हेरेनफेनच्या टियाल्फमध्ये आजही बँड वाजतो, गर्दी नाचते, पण स्पीड स्केटिंगला.