छतातून पाणी गळतंय? दुरुस्तीआधी ओल कुठून येते ते असं शोधा

छतावर पिवळट डाग दिसला की बहुतेक घरांत आधी रंगारी बोलावला जातो. लांबी भरून रंग दिला जातो आणि काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा पोपडे येतात. कारण रंग खालून दिला, पाणी मात्र वरून येतच राहिलं. गळती वरूनच बंद करावी लागते आणि त्यासाठी ती नेमकी कुठे आहे हे आधी कळायला हवं.

डाग एकीकडे, गळती दुसरीकडे

स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी सरळ खाली येत नाही. ते उताराने, भेगांमधून किंवा वायरिंगच्या पाइपातून सरकतं आणि वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. म्हणून पंख्याच्या हुकाजवळ पाणी ठिबकत असलं, तरी गळती काही फूट लांब असू शकते. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, तारीख लिहा आणि फोटो काढा. डाग कधी आणि किती वाढतो, यावरूनच पुढचा माग लागतो.

ओल कधी वाढते?

* दिवसरात्र, बाराही महिने : वरच्या घरातला भिंतीत गाडलेला नळाचा पाइप. त्यात सतत दाब असतो, त्यामुळे वापर नसतानाही तो गळतो.
* वर अंघोळ किंवा धुणं झाल्यावर : नहाणी ट्रॅपचा जोड, सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीच्या सांधी.
* फक्त पावसाळ्यात : गच्ची, बाहेरच्या भिंतीतल्या भेगा किंवा पावसाच्या पाण्याचा पाइप.

एक अपवाद लक्षात ठेवा. गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात आणि बाथरूमच्या खोलगट भागातल्या भरावात पाणी साठून राहतं. त्यामुळे पाऊस थांबल्यावर किंवा नळ बंद केल्यावरही अनेक दिवस पाणी ठिबकू शकतं. चाचणीनंतर लगेच निष्कर्ष काढू नका.

घरच्या घरी चाचणी

1. वरच्या घराचा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवा. ठिबकणं स्पष्टपणे कमी झालं, तर संशय नळाच्या पाइपावर.
2. फरक पडला नाही, तर बाथरूम दोन-तीन दिवस कोरडं ठेवा. मग फक्त नहाणी ट्रॅपमध्ये दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि खाली पाहा.
3. पुढच्या दिवशी ट्रॅप बंद करून फरशीवर इंचभर पाणी २४ तास साठवा. आता ओल वाढली, तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा खालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये.

पाण्यात खाण्याचा रंग टाकला आणि तो खाली उतरला, तर खात्री पटते. पण रंग काँक्रीटमध्ये अडकू शकतो. तो दिसला नाही म्हणून गळती नाही, असं समजू नका.

गच्चीची चाचणीही पाणी साठवूनच होते. मात्र ५ सेंटिमीटर पाण्याचं वजन प्रत्येक चौरस मीटरला ५० किलो भरतं. इमारत जुनी असेल, तर इंजिनीअरला विचारूनच पाणी साठवा.

दुरुस्ती

सांध्यांतला जुना ग्राउट खरवडून तिथे इपॉक्सी ग्राउट भरणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. ट्रॅपचा जोड गळत असेल, तर तेवढाच भाग फोडून बदलता येतो. खालचं वॉटरप्रूफिंगच गेलं असेल, तर फरशी काढण्याला पर्याय नाही. गच्चीवरच्या भेगा आधी थोड्या रुंद करून पॉलिमर मॉर्टरने भराव्यात, त्यानंतर कोटिंग द्यावं. हे काम पावसाळ्याआधी, कोरड्या पृष्ठभागावरच करावं.

छत पूर्ण वाळल्याशिवाय रंग देऊ नका. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून २४ तास ठेवा. आत थेंब दिसले, तर अजून ओल आहे.

इथे थांबू नका

पाणी दिव्याच्या किंवा पंख्याच्या जागेतून येत असेल, तर आधी त्या भागाचा एमसीबी बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. काँक्रीटचे तुकडे पडून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर त्याखालची जागा मोकळी करा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट आणखी फोडते. वरून प्लास्टर मारल्याने धोका फक्त झाकला जातो.

खर्च कोणाचा?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती ही सोसायटीची जबाबदारी आहे. शौचालय, सिंक अशा घरातल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी करायचा असतो. म्हणून उगम शोधणं महत्त्वाचं. तारखा घातलेले फोटो आणि चाचणीची नोंद सोबत जोडून सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वरच्या शेजाऱ्यांशी बोलतानाही ही नोंद हाताशी असली, की वाद कमी होतो आणि काम लवकर सुरू होतं.