आधी खराटा, मग कीर्तन

गाडगेबाबांच्या दिवसाचा क्रम मला त्यांच्या उपदेशाइतकाच मोलाचा वाटतो. शेंडगावात १८७६ साली परिटाच्या घरी जन्मलेला डेबूजी, म्हणजेच पुढचे गाडगेबाबा, १९०५ मध्ये घर सोडून निघाला. अंगावर चिंध्या, डोक्यावर मडक्याचं खापर, हातात खराटा. गावात पोचले की बाबा आधी रस्ते नि गटारं साफ करत, कीर्तन रात्री. ज्याचा उपदेश ऐकायचा, त्याला लोकांनी दिवसभर घाण उपसताना पाहिलेलं असे. मग वऱ्हाडी बोलीत प्रश्न सुरू होत: कर्ज काढून सण कशाला? देवापुढं बकरं कशाला? उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. पाया मात्र पडू देत नसत.

न्यायाची कामं करत करतच माणूस न्यायी होतो, असं ॲरिस्टॉटल सांगतो. शाळा न शिकलेल्या बाबांनी ते गावोगाव करून दाखवलं.

२०००-०१ मध्ये त्यांच्या नावानं स्वच्छ गावांना बक्षीस देणारं ग्रामस्वच्छता अभियान आलं, तेव्हा मी ग्रामसेवक होतो. बक्षिसानं गावं हलली, हे खरंच. त्याला मी कमी लेखत नाही. पण आमच्याकडे तपासणी समिती निघून गेल्यावरही खराटा न सोडणाऱ्या काही म्हाताऱ्या होत्या. लहानपणी त्यांनी बाबांना ऐकलं होतं. दारापुढचा सार्वजनिक रस्ताही त्या रोज झाडत. ती सवय त्यांच्या सुना-नातवंडांत कशी उतरली, याची नोंद आम्ही तेव्हाच करायला हवी होती.