सारंग रागाचा वाद्यवृंद

आपल्या रागसंगीतांत एकच सुरावट विस्तार पावते. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत अनेक सुरावटी एकाच वेळीं नांदतात. या दोहोंचा मेळ घालण्याचा ध्यास गोमंतकांतील माजोर्डा गांवीं १९२७ सालीं जन्मलेल्या अँथनी गोन्साल्विस यांनीं घेतला. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत ते व्हायोलिन वाजवीत. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. त्यांनीं सारंग रागांत वाद्यवृंदासाठीं कॉन्चर्टो रचिला. १९५८ सालीं सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणांत त्यांच्या भव्य वाद्यवृंदाची मैफल झाली. लता मंगेशकर व मन्ना डे तींत गायिले. पुढें ते अमेरिकेस गेले, परतून माजोर्ड्यास राहिले व २०१२ सालीं निवर्तले. शिष्यानें संगीत दिलेल्या १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील गीतानें गुरूचें नांव घरोघरीं पोंचविलें. गुरूचें संगीत मात्र घरोघरीं पोंचलें नाहीं.