भगदाड शिकवायचं कधी?

इंजिनिअरिंगच्या मुलांना संगणक सुरक्षा कोणत्या क्रमाने शिकवावी, हा आजचा प्रश्न आहे. उत्तरासाठी आपण आपल्याच उपनगरांचा चाळीस वर्षांचा इतिहास बघणार आहोत.

मुंबई विद्यापीठाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा २०१६ चा अभ्यासक्रम घ्या. ‘क्रिप्टोग्राफी अँड सिस्टिम सिक्युरिटी’ हा पेपर येतो सहाव्या सत्रात. सुरुवात सीझर, प्लेफेअर अशा जुन्या सायफरांपासून. मग आरएसए, डिजिटल सही. बफर ओव्हरफ्लो, एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधली भगदाडं, येतात शेवटच्या भागात. सबमिशनच्या धावपळीत त्यांच्या वाट्याला किती तास येतात, हे इथे बसलेल्या मुलांना विचारायला नको. आता इतिहास काय सांगतो ते बघू.

१९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दारं उघडली. विद्याविहारचं सोमय्या आणि वांद्र्याचं थडोमल शहानी ही दोन्ही त्याच वर्षीची. साधारण त्याच काळात जुहूला एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, उभी राहिली. डॉ. एस. रमाणी तिचे प्रमुख. १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला आणि त्या सुमारास जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून ईमेल जाऊ-येऊ लागली. तेव्हा नेटवर्कवर माणसं मोजकी होती. समोरचा कोण, हे बहुतेकांना ठाऊक असायचं. जगभर हेच चित्र होतं, आणि सॉफ्टवेअरही त्याच विश्वासावर लिहिलं जात होतं.

या विश्वासाला तडा गेला २ नोव्हेंबर १९८८ ला. कॉर्नेल विद्यापीठातला रॉबर्ट मॉरिस हा विद्यार्थी. त्याने सोडलेला किडा इंटरनेटवर पसरला. सुमारे ६,००० यंत्रं अडकली, असा त्या वेळचा अंदाज. त्याने कुठलंही सायफर फोडलं नव्हतं. सोपे पासवर्ड ओळखले, सेंडमेल या टपालाच्या प्रोग्रॅममधली एक उघडी राहिलेली सोय वापरली आणि फिंगर नावाच्या सेवेला ५१२ अक्षरांच्या जागेत ५३६ अक्षरं पाठवली. बस्स.

म्हणजे काय झालं? लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा आला की बाकीचे जरा सरकतात. मेमरीत कुणी सरकत नाही, जास्तीची अक्षरं थेट शेजारच्या जागेवर जाऊन बसतात. फंक्शन संपल्यावर परत कुठे जायचं, तो पत्ताही तिथेच ठेवलेला असतो. तो पत्ताच बदलला, की यंत्र पाहुण्याच्या सांगण्यावरून चालतं. ही सगळी करामत सी भाषेतल्या ‘गेट्स’ या फंक्शनमुळे शक्य झाली, कारण येणारी अक्षरं ते मोजतच नाही.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, जुहूहून अमेरिकेला ९.६ केबीपीएसची कायमची लाइन सुरू झाली. म्हणजे आपण इंटरनेटला जोडले गेलो ते या घटनेनंतर. तरीही पुढे कित्येक वर्षं अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये पहिल्या वर्षाला टर्बो सी होतं आणि नाव वाचून घ्यायला तेच गेट्स होतं. दहाच्या जागी वीस अक्षरं टाकली, की कधी भलतंच उत्तर यायचं, कधी मशीन हँग व्हायचं. मुलं रीसेट दाबून पुढे जायची. खरं तर सुरक्षेचा पहिला धडा समोर पडद्यावर आलेला असायचा! २०११ च्या सी मानकातून हे फंक्शन काढूनच टाकलं गेलं.

आता उपनगराच्या पूर्व टोकाला येऊ. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या. जूनच्या सुरुवातीला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत ‘मिलवर्म’ नावाचा गट शिरला. वेगवेगळ्या देशांतली ही मुलं, बरीचशी विशीच्या आतली. त्यांनी ईमेल पळवल्या आणि वेबपानावर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावलं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आपल्यासमोर बसतात, त्याच वयाची मुलं होती ती.

इथे शिक्षकाची खरी अडचण सुरू होते. भगदाड दाखवलं तर मुलगा बाहेर जाऊन तेच वापरणार नाही कशावरून? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ थेट ‘हॅकिंग’ या नावाने आलं. २००८ च्या दुरुस्तीनंतर लबाडीचा किंवा फसवणुकीचा हेतू असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद. पण कलम ४३ हेतू विचारत नाही. मालकाच्या परवानगीशिवाय आत शिरलात, तर भरपाई मागितली जाऊ शकते, तुमचा उद्देश कितीही चांगला असो. मॉरिसचंही हेच झालं. नुकसान करायचं नव्हतं, असं त्याचं म्हणणं होतं. तरी तो दोषी ठरला, तीन वर्षं प्रोबेशन आणि दंड झाला. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला, हेही लक्षात ठेवू.

म्हणून भीतीपोटी हा विषय मागे ढकलण्यात अर्थ नाही. मुलाला लॅबमधलं, नेटवर्कपासून तोडलेलं मशीन द्या. त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम त्यालाच फोडू द्या आणि लगेच दुरुस्त करायला लावा. परवानगी म्हणजे काय, तेही त्याच तासाला सांगा. आणि हे सहाव्या सत्रापर्यंत थांबवू नका. ज्या दिवशी तो पहिल्यांदा कीबोर्डवरून नाव वाचून घेतो, त्याच दिवशी विचारा: नाव लांब निघालं तर? पुढे बँकेचं, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर हीच मुलं लिहिणार आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या पदनामात ‘सिक्युरिटी’ हा शब्द कधीच नसेल.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.