लॅब्रॅडॉरची भूक

दोन महिन्यांचे लॅब्रॅडॉरचे पिल्लू घरात आले, म्हणजे पहिल्या रात्रीच्या त्याच्या रडण्याइतकीच आणखी एक गोष्ट घरातल्या माणसांच्या कायमची लक्षात राहते, आणि ती म्हणजे त्याचे खाणे. आमच्याकडे आलेल्या पिवळसर पिल्लापुढे पहिल्या दिवशी मऊ भात आणि उकडलेल्या मटणाचे चार तुकडे घालून पितळी ठेवली, तेव्हा ते अन्न नाहीसे व्हायला अर्धे मिनिटही लागले नाही. अन्न सरले तरी चाटणे थांबेना, नाकाने ढकललेली ती पितळी फरशीवर खरखरत स्वयंपाकघराच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली, आणि कोपऱ्यात अडली तेव्हा पुढचे दोन्ही पाय तिच्यात रोवून त्या जिवाने मान वर करून आमच्याकडे असे पाहिले, की दारी आलेल्या पाहुण्याला आपण उपाशी ठेवले असे कोणालाही वाटावे. “सूनबाई, लेकराला असं अर्धपोटी उठवू नये,” असे आत्याबाई म्हणाल्या. गुरांच्या डॉक्टरांनी मात्र दिवसाचे माप आखून दिले होते आणि बरगड्यांवरून हात फिरवला असता त्या बोटांना लागल्या पाहिजेत, अशी सक्त ताकीद दिली होती. आत्याबाईंची माया आणि डॉक्टरांचे माप यांच्यातला हा वाद पुढे वर्षभर आमच्या घरात चालला, आणि त्या वादानेच मला या कुत्र्याच्या पूर्वेतिहासाकडे नेले. कारण वाचता वाचता माझी अशी खात्री होत गेली, की लॅब्रॅडॉरचे संगोपन आणि त्याचे शिक्षण या दोन निराळ्या गोष्टी नसून, त्याच्या भुकेचाच तो एक सलग इतिहास आहे.

या जातीला जे नाव पडले ते मुळात चुकीच्या मुलखाचे आहे. लॅब्रॅडॉर हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एक विस्तीर्ण, थंडगार द्वीपकल्प. या कुत्र्याची जन्मभूमी मात्र त्याच्या दक्षिणेस, एका चिंचोळ्या सामुद्रधुनीपलीकडे असलेले न्यूफाउंडलंड हे बेट. १४९७ मध्ये जॉन कॅबट त्या बाजूच्या समुद्रात जाऊन आल्यानंतर तेथील कॉड माशांच्या विपुलतेची वार्ता युरोपभर पसरली आणि बास्क, पोर्तुगीज, फ्रेंच व इंग्रज अशा सर्व जातींच्या खलाशांची तेथे दरसाल ये-जा सुरू झाली. त्यांच्या गलबतांतून जे नानाविध कुत्रे तेथे उतरले, त्यांच्या संकरातून आणि त्या कठोर हवेच्या निवडीतून जो एक मध्यम बांध्याचा, काळा, छातीवर व पंजांवर पांढरे ठिपके असलेला पाणकुत्रा तयार झाला, त्याला बेटाच्या राजधानीवरून सेंट जॉन्सचा कुत्रा म्हणू लागले. त्याचे केस आखूड, दाट आणि तेलकट होते, आणि हे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. कारण लांब केसांच्या कुत्र्याच्या अंगावर त्या पाण्यातून बाहेर येताच बर्फाचे गोळे लोंबू लागत आणि होडीतल्या कोळ्याला त्याचा उपयोग होण्याऐवजी ओझेच होई. शेपूट बुडाशी जाड, पाणमांजरासारखे, पोहताना सुकाणूचे काम करणारे.

त्याची नोकरी अशी होती : गळावरून निसटलेला मासा पाण्यात खोल जाण्यापूर्वी उडी टाकून पकडायचा, सुटलेला दोर तोंडात धरून होडीशी आणायचा, आणि किनाऱ्यावर असताना सरपणाची गाडी ओढायची. मासा तोंडात धरायचा, पण त्यात दात रुतवायचे नाहीत, आणि धरलेला मासा स्वतः न खाता धन्याच्या हाती द्यायचा, हा त्या नोकरीतला कळीचा भाग; याचा मोबदला म्हणून जो शिधा मिळे तो म्हणजे कॉड चिरून वाळत घालताना बाजूला पडलेली डोकी आणि आतडी. हंगामात ही रास किनाऱ्यावर हवी तेवढी पडलेली असे, आणि दीर्घ हिवाळ्यात माणसांच्याच घरी अन्नाची चणचण असे. अशा मुलखात जो कुत्रा मिळेल तेव्हा मिळेल तेवढे खाऊन अंगावर चरबी साठवी, तोच पुढचा वसंत पाहत असला पाहिजे, हा माझा तर्क आहे. परंतु शास्त्रज्ञांनाही हा तर्क सुचला आहे, हे पुढे सांगायचेच आहे.

बेटावरील या कुत्र्याला राजसत्तेची मात्र फारशी कृपा लाभली नाही. १७८० मध्ये गव्हर्नर एडवर्ड्स यांनी दर घरटी एकाहून अधिक कुत्रा पाळण्यास मनाई करणारा हुकूम काढला. त्यामागे मेंढ्यांच्या पैदाशीला उत्तेजन देण्याचा हेतू होता. पुढे १८८५ मध्ये मेंढ्यांच्या रक्षणासाठी कायदाच झाला, कुत्र्यांवर कर बसले, आणि ज्या जातीने त्या बेटाचा मासेमारीचा धंदा तोंडाने ओढला तिची संख्या तिच्याच घरी घटत गेली.

सुदैवाने तोवर तिची एक शाखा समुद्रापार रुजली होती. डॉर्सेट परगण्यातील पूल हे बंदर न्यूफाउंडलंडच्या व्यापारावर नांदत होते. खारवलेल्या कॉडच्या पेट्यांबरोबर गलबतांवरील कुत्रेही त्या धक्क्यावर उतरत, आणि पाण्यात फेकलेली वस्तू आणून देण्याची त्यांची करामत पाहायला गर्दी जमे. पाणपक्ष्यांच्या शिकारीवरील ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेले कर्नल पीटर हॉकर यांनी या कुत्र्यांची तोंडभरून स्तुती केली आहे. माल्म्सबरीचे दुसरे अर्ल यांची जहागीर पूलपासून जवळच, पाणथळ जागेत होती. त्यांनी हे कुत्रे बदकांच्या शिकारीसाठी विकत घेतले, आणि त्यांचे चिरंजीव तिसरे अर्ल, जे पुढे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्रीही झाले, त्यांनी राजकारणाच्या धामधुमीतही हा वंश निष्ठेने व शक्य तितका शुद्ध राखला. १८८० नंतरच्या दशकात त्यांनी नेड आणि एव्हन हे दोन कुत्रे स्कॉटलंडमधील बक्लूच्या ड्यूकना दिले. आजच्या लॅब्रॅडॉरची वंशावळ मागे मागे नेली तर तिचे पुष्कळ धागे या दोन काळ्या कुत्र्यांपाशी येऊन थांबतात. १८९९ मध्ये डॉर्सेटमध्येच मेजर रॅडक्लिफ यांच्या शिकारखान्यात बेन ऑफ हाइड नावाचा पिवळा कुत्रा जन्मला. त्यापूर्वी पिवळी पिल्ले निपजली तर ती वंशाला कलंक मानून बहुधा नाहीशी केली जात, हे वाचून आमच्या पिवळ्या पिल्लाकडे पाहताना माझ्या काळजात कळ उठली. १९०३ मध्ये केनेल क्लबने या जातीला स्वतंत्र मान्यता दिली.

आता शिक्षणाकडे वळू. इंग्रज शिकारी कुत्र्याला तयार करण्याच्या क्रियेला जो शब्द वापरीत, त्याचा सरळ अर्थ ‘मोडणे’ असा होतो, आणि शब्दाप्रमाणेच आचार होता : कुत्र्याला त्याच्या पहिल्या वर्षात मोकळे वाढू द्यायचे आणि मग चाबकाने त्याचा स्वभाव मोडून काढायचा, असा सर्वसाधारण शिरस्ता होता. या शिरस्त्याविरुद्ध १८४८ मध्ये हचिन्सन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने ग्रंथ लिहिला. ग्रंथाच्या नावात ‘मोडणे’ हाच शब्द असला तरी आतली शिकवण अगदी उलट आहे. पहिले धडे घरात, शांतपणे, पावाचा तुकडा पुढे ठेवून द्यावेत, आणि संयम पाळणाऱ्या पिल्लाला तो तुकडा बक्षीस द्यावा, असे त्याचे सांगणे. १९१० मध्ये जर्मनीत पोलिसांच्या कुत्र्यांसाठी कॉनराड मोस्ट यांनी लिहिलेल्या पुस्तकाने पुन्हा जबरदस्तीला शास्त्राचे रूप दिले, आणि ती परंपरा दीर्घकाळ टिकली. १९५१ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी एका लेखात, हाती एक टिकटिक वाजणारे खेळणे आणि थोडे खाद्य असले, तर घरच्या कुत्र्याला काय काय शिकवता येते हे सामान्य वाचकाला समजावून सांगितले. म्हणजे शंभर वर्षांनी विज्ञान पुन्हा हचिन्सनच्या पावाच्या तुकड्यापाशी आले.

या दोन पंथांतले अंतर मला बँचरी बोलो या कुत्र्याच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही ग्रंथात दिसले नाही. १९१५ चा हा काळा लॅब्रॅडॉर लॉर्ना, म्हणजे पुढे काउंटेस हाउ झालेल्या बाईंकडे आला, तेव्हा तो आधीच्या शिक्षकांनी निकामी ठरवलेला, माणसाला बुजलेला आणि अंगावर धावून येणारा होता. बाईंनी त्याला मारले नाही. त्याचा विश्वास येईपर्यंत वाट पाहिली, त्याच्या जखमांवर उपचार केले, आणि मग काम दिले. हा निकामी कुत्रा पुढे शिकारीच्या चाचण्यांत आणि रूपाच्या प्रदर्शनांत, दोन्हीकडे अजिंक्यपद मिळवणारा पहिला लॅब्रॅडॉर ठरला. १९१६ मध्ये याच बाईंनी लॉर्ड नट्सफर्ड यांच्यासह लॅब्रॅडॉरचे स्वतंत्र मंडळ स्थापन केले होते.

पिल्लू वाढवण्याची म्हणून एक जुनी रीतही इंग्लंडच्या खेड्यांत होती. कोल्ह्यांच्या शिकारीच्या हाउंड कुत्र्यांची पिल्ले जहागिरदार आपल्या कुळांच्या घरी सोडत. कोंबड्या, मुले, चूल, अंगण या सर्वांच्या सहवासात पहिले वर्ष काढून ती परत येत. १९५६ पासून ब्रिटनमधील अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेने हीच रीत उचलली, आणि लॅब्रॅडॉरची पिल्ले सामान्य कुटुंबांत वाढू लागली. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या रीतीचे रहस्य उलगडले : तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान पिल्लाचे मन जगाला उघडे असते, आणि त्या काळात ज्याची ओळख झाली नाही त्याची भीती पुढे सहसा जात नाही. कुळवाड्याच्या बायकोला हे बहुधा पूर्वीच ठाऊक असावे.

खाण्याच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकापर्यंत शिकारखान्यातला शिधा म्हणजे ओटच्या पिठाची पेज, साय काढलेले दूध आणि उकडलेले घोड्याचे मांस असा होता. १८६१ च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थाने लंडनमध्ये गव्हाचे पीठ, भाज्या व मांस यांच्या भाजलेल्या वड्यांचे पेटंट घेतले आणि कुत्र्याचे अन्न प्रथमच दुकानात विकायला आले. त्याच्या दुकानातला एक कारकून, चार्ल्स क्रफ्ट, पुढे जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शनाचा संस्थापक झाला. मात्र अन्न कितीही पौष्टिक असले तरी डिस्टेंपर या रोगाची साथ आली की एकेका शिकारखान्यातली पिल्ले ओळीने मरत. १९२३ मध्ये शिकारीच्या एका साप्ताहिकाने वाचकांकडून निधी गोळा केला, आणि त्यातून लेडलॉ व डंकिन या संशोधकांनी लस सिद्ध केली. आज पिल्लाच्या हातपुस्तिकेवर लशीचा शिक्का पडतो, तो या वर्गणीमुळे.

परंतु आमच्या घरच्या वादाचा निकाल लागला तो २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने. अमेरिकेत एकाच वेतातल्या भावंडांच्या चोवीस जोड्या, अशी अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉर पिल्ले घेतली. आठ आठवड्यांच्या वयापासून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला दिले, आणि हा क्रम ती सर्व मरेपर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, चालवला. भरपूर खाणाऱ्यांचे मध्य आयुष्य ११.२ वर्षे भरले आणि कमी खाणाऱ्यांचे १३ वर्षे. सांधेदुखीनेही कमी खाणाऱ्यांना पुष्कळ उशिरा गाठले. हे आकडे मी आत्याबाईंना वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आपल्या ताटाकडेला काढून ठेवलेला पोळीचा तुकडा त्यांनी उचलून पुन्हा डब्यात टाकला.

भुकेचे मूळ मात्र २०१६ मध्ये हाती आले. केंब्रिजच्या एलिनॉर रॅफन व त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक छोटा तुकडा गळालेला आढळला. शरीरात चरबी पुरेशी साठली आहे हा निरोप मेंदूला पोचवण्याचे काम त्या जनुकाकडे असते. २०२४ मध्ये त्यांनीच दाखवले, की अशी कुत्री एका बैठकीत इतरांहून अधिक खात नाहीत, पण दोन जेवणांच्या मध्ये त्यांना अधिक भूक लागते. पारदर्शक डबीत बंद केलेल्या सॉसेजसमोरून ती हलत नाहीत, आणि विसाव्यात त्यांचे शरीर सुमारे पंचवीस टक्के कमी ऊर्जा खर्च करते. हाच दोष सेंट जॉन्सच्या कुत्र्याचा दुसरा वंशज जो फ्लॅटकोटेड रिट्रीव्हर, त्याच्यातही सापडतो. म्हणून हा दोष त्या थंड किनाऱ्यावरूनच आला असावा, असे संशोधक म्हणतात. आणि अपंगांच्या सेवेसाठी तयार केलेल्या ज्या लॅब्रॅडॉरांची त्यांनी तपासणी केली, त्यांच्यात हे प्रमाण ७६ टक्के निघाले. ज्याला घासाचे मोल अधिक, त्याला घासाने शिकवता येते, म्हणून पिढ्यान् पिढ्या त्याचीच निवड होत गेली असावी.

आपल्या मुंबईने या शिकवणीचे फळ पाहिले आहे. पुण्यातील पोलिसांच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला ‘झंजीर’ हा पिवळा लॅब्रॅडॉर १९९३ च्या बाँबस्फोटांनंतरच्या त्या भीषण दिवसांत आपल्याला सांभाळणाऱ्या पोलिसाबरोबर गल्लोगल्ली फिरला. ३,३२९ किलो आरडीएक्स त्याने शोधल्याची नोंद आहे. गळावरून निसटलेल्या माशाचा माग घेणारे तेच नाक, आणि सापडलेले स्वतः न हाताळता धन्याच्या स्वाधीन करण्याची तीच जुनी सवय. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला; त्याच्या निश्चेष्ट देहावर फुले वाहणाऱ्या अधिकाऱ्याचे छायाचित्र आजही पाहवत नाही.

मूळ सेंट जॉन्सचा कुत्रा मात्र आता उरला नाही. न्यूफाउंडलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, जिथे रस्ता पोचत नव्हता अशा ग्रँड ब्रुइट या कोळ्यांच्या वस्तीत, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शेवटचे दोन दिसले : छातीवर व पंजांवर तेच पांढरे ठिपके असलेले, तेरा आणि पंधरा वर्षांचे दोन म्हातारे भाऊ. दोघेही नर होते. २०१० मध्ये त्या वस्तीतली शेवटची माणसेही घरे बंद करून होडीने निघून गेली.