उघडं दार आणि तिकिटाची खिडकी

१९४६ साल. मुंबईत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं सिद्धार्थ कॉलेज उघडलं. त्याच वर्षी तिकडं अमेरिकेत हेमन स्वेट नावाच्या काळ्या पोस्टमननं ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात वकिली शिकायला अर्ज केला. अर्ज फेटाळला. कारण एकच, कातडीचा रंग. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा सरकारनं काळ्यांसाठी वेगळं लॉ स्कूल थाटलं, तेही तळघरात! गावकुसाबाहेरची जागा फक्त आपल्याच देशात असते असं कोण म्हणतो?

१९५० साली सुप्रीम कोर्टानं स्वेटला आत घ्यायला लावलं. त्याच साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं. तेच पुढं मिलिंद. १९५६ पासून ऑस्टिनला पदवीच्या वर्गातही काळी पोरं आली. वर्गात आली खरी, पण राहायचं कुठं? गोऱ्यांच्या वसतिगृहांत त्यांना जागा नव्हती, आणि हा भेद १९६४ पर्यंत टिकला. १९५७ मध्ये बार्बरा स्मिथ या काळ्या विद्यार्थिनीला ऑपेरात गोऱ्या नायकासमोर नायिकेचं काम मिळालं. आमदार खवळले आणि विद्यापीठानं तिला काढून टाकलं.

अशा शहरात जॅक लुईस या प्रेस्बिटेरियन पाद्र्यानं १९५२ साली ‘ख्रिश्चन फेथ अँड लाइफ कम्युनिटी’ सुरू केली होती. विद्यार्थ्यांनी तिथं राहायचं, एका टेबलावर जेवायचं, रात्री अभ्यासाला बसायचं. पुढं जोसेफ मॅथ्यूज शिकवायला आला. बोनहॉफर, टिलिख वाचायचे, वाद घालायचे. आणि मुख्य म्हणजे तिथं काळे-गोरे एकाच छताखाली राहत. आपल्याला सहभोजनं ठाऊक आहेत. एक दिवस पंगत, फोटो, आणि उद्या परत जो तो आपापल्या आळीत. इथं रोजचं ताट होतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

सँड्रा केसन ही गोरी मुलगी तिथंच राहायची. पुढं केसी हेडन म्हणून ती नागरी हक्कांच्या चळवळीत ओळखली गेली. १९६० च्या अखेरीस ऑस्टिनच्या विद्यार्थ्यांनी सिनेमागृहांसमोर रांगा लावल्या. त्यांची बैठकीची जागा कॅम्पसलगतची वायएमसीए-वायडब्ल्यूसीए, म्हणजे तीही ख्रिस्ती. रांगेतला प्रत्येक जण खिडकीशी जाऊन विचारायचा, काळ्यांना तिकीट देता का? नाही म्हटलं की परत रांगेच्या शेवटी. ना दगड, ना शिवी, पण धंदा ठप्प. केसन त्यांच्यात होती. १९६१ मध्ये थिएटरवाले नमले.

कुणी विचारील, ही ख्रिस्ती लोकांची भलामण कशाला? भलामण नाही. बायबल वाचून गुलामी टिकवणारेही तिथलेच होते. आपल्याकडंही धर्म बदलला तरी चर्चमधली बाकं आणि कब्रस्तानं जातीनं वेगळी राहिलेली आहेत. म्हणून पाद्र्याच्या दाराला मुक्ती म्हणायला मी तयार नाही. ते दार चांगल्या मनानं उघडलं, पण उघडणारा उद्या बंदही करू शकतो. स्वेटनं कोर्टातून मिळवला तो हक्क. आदरातिथ्य आणि हक्क यांत हे अंतर आहे. बाबासाहेबांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दुसऱ्याच्या खोलीत जागा मागत बसण्यापेक्षा आपली कॉलेजं उभी केली.

तरीही त्या ऑस्टिनच्या खोलीकडून एक गोष्ट घ्यावी. तिथला अभ्यास पुस्तकात मिटून राहिला नाही. त्यातली काही पोरं उठून खिडकीपर्यंत गेली. मित्रांनो, आपल्या विहारात, होस्टेलच्या खोलीत अभ्यासवर्ग भरतात. चर्चा रंगते, चहा होतो. पण भाड्याची खोली देताना आडनाव विचारणाऱ्या घरमालकाच्या दारात आपण किती जण, किती वेळा, ओळीनं उभे राहिलो? खेड्यातून आलेली, बुजलेली पोरगी आपल्या वर्गात निर्धास्त बसते का? हे दोन प्रश्न ज्या अभ्यासवर्गाला पडत नाहीत, त्याचं दार उघडं असून उपयोग काय?