तळटीप १४ : ‘फोर्जमध्ये, क्रँकवर’

१४. फोर्ज : पुण्याच्या मुंढव्यातील ‘भारत फोर्ज’ (स्थापना १९६१, संस्थापक नीळकंठराव कल्याणी). क्रँक, म्हणजे क्रँकशाफ्ट : पिस्टनची वर-खाली हालचाल चाकांसाठी गोल फिरण्यात बदलणारा वाकवळणांचा दांडा. सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला तापवलेला, पिवळाजर्द झालेला पोलादी ठोकळा साच्यात ठोकून क्रँक घडवतात. हे कसबाचे काम, निवेदकाचा अभिमान रास्तच आहे. विजेच्या गाडीत मोटर मुळातच गोल फिरते, क्रँक लागतच नाही. पुढच्या पानावरची निवेदकाची धास्ती यातून आलेली. कंपनी मात्र विजेच्या गाड्यांचे भागही बनवते. मजकुरातली ‘ती पहाट’ : ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपाची; सास्तूर हे गाव (आजचा लोहारा तालुका, जि. धाराशिव) त्यात उद्ध्वस्त झाले.